धोकादायक कारखान्यांच्या तपासणीचे शुल्क नेमके कशावर ठरावे?

रोहेकर

रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा विभागात काम करतो. वेगवेगळ्या खात्यांची शुल्के भरण्याचे कागद माझ्याच टेबलावरून जातात आणि ते पाहताना दरवेळी पडणारा प्रश्न इथे मांडत आहे.

कारखान्याच्या परवान्याचे शुल्क महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ प्रमाणे दोन आकड्यांवर ठरते : बसवलेली अश्वशक्ती आणि कामगारांची कमाल संख्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचे शुल्क भांडवली गुंतवणुकीच्या टप्प्यांवर ठरते. बॉयलरचे शुल्क त्याच्या तापन पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर, तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या) परवान्यांचे शुल्क बहुतांशी साठ्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. यांपैकी एकही मोजमाप निरीक्षकाला तो कारखाना नीट तपासायला किती वेळ लागेल हे सांगत नाही.

एक सूतगिरणी आणि एक क्लोरिनेटेड पॅराफिन बनवणारा छोटा कारखाना शेजारी ठेवून पाहा. सूतगिरणीत शेकडो कामगार आणि भरपूर अश्वशक्ती, म्हणून तिचे शुल्क जास्त. छोट्या कारखान्यात माणसे मोजकी आणि मोटारी लहान, पण आवारात क्लोरीनचे बारा टनर (द्रवरूप क्लोरीनचे मोठे सिलिंडर) उभे असतील तर एका टनरमध्ये सुमारे ९०० किलो या हिशेबाने १० टनांहून अधिक क्लोरीन तिथे आहे. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत क्लोरीनची खालची मर्यादा १० टन आणि वरची २५ टन आहे, म्हणजे हा छोटा कारखाना मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्यांच्या यादीत जातो आणि तरीही परवान्याचे शुल्क गिरणीपेक्षा कमी भरतो.

माझ्या मते अश्वशक्ती आणि कामगारसंख्या ही मोजमापे गिरण्यांच्या काळातली आहेत. तेव्हा धोका पट्ट्यांचा, शाफ्टचा आणि उघड्या यंत्रांचा होता, त्यामुळे यंत्रे आणि माणसे मोजली की धोका मोजल्यासारखे होत असे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि धोका कुंपणाबाहेर जातो हे कायद्याने मान्य केले. शुल्काचे मोजमाप मात्र कुंपणाच्या आतच राहिले. शुल्क हे धोक्याची पातळी आणि निरीक्षकाचे प्रत्यक्ष तास यांवर ठरावे, असे मला वाटते. आपली मते आणि अनुभव कळवावेत.

टीजकाठ

रोहेकर साहेब, तुम्ही सुचवता त्यातली तासांची पद्धत ब्रिटनमध्ये १९९९ पासून चालू आहे. मी ईशान्य इंग्लंडमध्ये टीसाइडला प्रक्रिया अभियंता आहे, त्यामुळे तिची रोजची बाजू सांगतो.

मोठ्या अपघातांचा धोका असलेल्या जागांसाठी इथे 'कोमाह' नावाचे नियम आहेत. इटलीतील सेवेझोच्या १९७६ च्या अपघातानंतर आलेल्या युरोपीय निर्देशांवर ते उभे आहेत आणि सध्याची आवृत्ती २०१५ ची आहे. साठ्यानुसार जागा खालच्या आणि वरच्या अशा दोन श्रेणींत विभागल्या जातात. इंग्लंडमध्ये आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळ आणि पर्यावरण संस्था मिळून देखरेख करतात. निरीक्षकाने त्या जागेसाठी दिलेला वेळ नोंदवायचा आणि ठरलेल्या ताशी दराने त्याचे बिल चालकाला पाठवायचे, असा हा हिशेब आहे. प्रत्यक्ष भेटच नव्हे, तर सुरक्षा अहवाल वाचून त्यावर मत देण्याचा वेळही त्यात धरला जातो. कारखान्यात दोष सापडला किंवा नाही सापडला, तरी बिल येतेच, कारण पैसे धोक्यावर देखरेख ठेवण्याचे असतात, दंडाचे नव्हेत. ताशी दर ठरवताना सरकारी तिजोरीचे तत्त्व असे आहे की पूर्ण खर्च वसूल करावा, नफा मात्र करू नये.

याचा एक चांगला परिणाम मी पाहिला आहे. विस्कळीत सुरक्षा अहवाल पाठवला तर निरीक्षकाचे तास वाढतात आणि ते बिलात दिसतात. म्हणून व्यवस्थापन अहवाल नीट लिहिण्यासाठी चांगली माणसे देते. पुढील काही वर्षांत कोणत्या विषयांची तपासणी होणार याची योजनाही जागेला आधी कळवली जाते, त्यामुळे अंदाजपत्रकात तरतूद करता येते.

बाहेरच्या आपत्कालीन आराखड्याचेही तसेच आहे. तो स्थानिक प्रशासनाने करायचा आणि किमान तीन वर्षांतून एकदा त्याची चाचणी घ्यायची. तो खर्च वरच्या श्रेणीतील चालकाकडून घेण्याची मुभा प्रशासनाला आहे.

तारापूरवासी

दोघांचेही प्रतिसाद वाचले. माझा तारापूरला लहान उद्योग आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे भाग आहे.

तासांप्रमाणे शुल्क हे ऐकायला न्याय्य वाटते, परंतु निरीक्षकाला लागणारा वेळ कारखान्याच्या उलाढालीच्या प्रमाणात कमी होत नाही. माझ्याकडे एक रिॲक्टर (रासायनिक अभिक्रिया घडवण्याचे पात्र) असला काय आणि शेजारच्या मोठ्या कंपनीकडे पंधरा असले काय, परवाने, चाचणी प्रमाणपत्रे, आपत्कालीन आराखडा आणि प्रशिक्षणाच्या नोंदी पाहायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. मोठ्या कंपनीत कागद तयार करून देणारा स्वतंत्र विभाग असतो, तर माझ्याकडे तेच काम उत्पादन पाहणारा माणूस करतो, त्यामुळे माझ्याकडे निरीक्षकाचा वेळ उलट जास्त जाईल. अशा पद्धतीत उलाढालीच्या तुलनेत सर्वांत मोठे बिल लहान उद्योगाला येईल आणि त्यातले काही जण परवान्याच्या चौकटीबाहेरच काम करू लागतील. नोंदणी नसलेल्या शेडमध्ये चालणारी प्रक्रिया कोणत्याच शुल्काच्या तक्त्यात येत नाही आणि सर्वांत मोठा धोका तिथेच असतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. निरीक्षकाच्या तासांवर खात्याचे उत्पन्न अवलंबून असेल, तर तास वाढवण्याचा मोह खात्याला होणार नाही, याची हमी कोण देणार?

अश्विनी_पुणे

तारापूरवासींचा शेवटचा प्रश्न थेट कायद्याच्या गाभ्याशी जातो. मी वकिली करते, म्हणून आपल्याकडे याविषयी काय आहे ते मांडते.

शुल्क आणि कर यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला. कर हा सर्वसाधारण महसुलासाठी असतो, तर शुल्काच्या मोबदल्यात भरणाऱ्याला काही सेवा मिळणे किंवा त्याच्यासाठी काही काम होणे अपेक्षित असते. पुढे १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स खटल्यात न्यायालयाने म्हटले की रुपयाला रुपया जुळण्याची गरज नाही, स्थूल संबंध पुरेसा आहे. ही सूट इतकी सैल आहे की अश्वशक्तीवर ठरलेले शुल्कही तिच्यात बसते.

खरी अडचण पुढे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्य सरकारला मिळालेला महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जातो. परवान्याचे शुल्क ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून भरले की ते तिथे मिसळते, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला किती निरीक्षक, किती वाहने आणि किती उपकरणे मिळणार हे अर्थसंकल्पात वेगळे ठरते. म्हणून शुल्क दुप्पट केले तरी तपासणी दुप्पट होईल, असे आपल्याकडे म्हणता येत नाही.

स्वतंत्र निधीचा प्रयोग महाराष्ट्राला नवीन नाही. महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासांकडून वर्गणी घेऊन ती देखरेखीसाठीच्या वेगळ्या निधीत ठेवण्याची तरतूद आहे, आणि ती कर नसून शुल्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात मान्य केले. मात्र निधीत मोठी शिल्लक साचल्यावर २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही वर्गणी घेण्यास अंतरिम मनाई केली. निधी वेगळा केला की खर्चाची शिस्तही वेगळी बांधावी लागते, हा त्यातून घ्यायचा धडा आहे.

निवृत्त_निरीक्षक

अश्विनीताईंनी मांडलेले अगदी बरोबर आहे. नोकरीत असताना मला आमच्या विभागाने किती शुल्क जमा केले हे कळत असे, पण त्याचा आमच्या दौऱ्यांशी काहीही संबंध नसे.

बॉयलरचे उदाहरण मात्र वेगळे आहे आणि या चर्चेत ते महत्त्वाचे वाटते. तिथे शुल्क भरले की तपासणीची तारीख मिळते, बॉयलर थंड करून, उघडून आणि साफ करून ठेवावा लागतो, निरीक्षक आत शिरून पाहतो, दाबाची चाचणी होते आणि मगच सामान्यतः जास्तीत जास्त बारा महिन्यांचे प्रमाणपत्र मिळते. ते नसेल तर बॉयलर चालवता येत नाही. शुल्क, काम आणि निकाल एकमेकांना बांधलेले असल्यामुळे तिथे शुल्काविषयी तक्रार मी फार कमी ऐकली. कारखान्याच्या परवान्यात ही साखळी तुटलेली आहे. परवान्याचे पैसे दरवर्षी किंवा एकदम काही वर्षांचे भरले जातात आणि त्या मुदतीत तपासणी झाली किंवा नाही झाली, तरी पैशांचा हिशेब तोच राहतो.

वेळेविषयीही लिहितो. रिॲक्टर असलेला कारखाना नीट पाहायचा तर प्रक्रियेतील धोक्यांचा अभ्यास वाचावा लागतो, सुरक्षा झडपांची क्षमता कशी काढली ते तपासावे लागते, इंटरलॉक (धोका दिसताच प्रक्रिया आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणा) बंद करून ठेवलेले आहेत का हे प्रत्यक्ष पाहावे लागते आणि रात्रपाळीच्या कामगारांशी बोलावे लागते. हे एका दुपारी होत नाही. रोहेकरांचे म्हणणे मला यासाठी पटते की तासांचा हिशेब ठेवला, तर निदान पुरेसे तास दिले गेले नाहीत हे तरी कागदावर दिसेल.

सुहास_ठाणे

निवृत्त_निरीक्षक काकांच्या शेवटच्या वाक्याला संपूर्ण अनुमोदन.

मापनकर्ता

आतापर्यंतच्या चर्चेत त्रयस्थ लेखापरीक्षक आलेले नाहीत, आणि आपल्याकडे पुष्कळसे काम तेच करतात. १९८९ च्या नियमांतील नियम १० प्रमाणे वरच्या मर्यादेइतका किंवा त्याहून अधिक साठा असलेल्या कारखान्याने, त्याच्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून सुरक्षा लेखापरीक्षण करून घ्यायचे, त्याची प्रत तीस दिवसांत प्राधिकाऱ्याकडे पाठवायची आणि ते दरवर्षी नव्याने करायचे. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरक्षा लेखापरीक्षणाचे स्वतंत्र नियमही आहेत. मी स्वतः हे काम करतो. शुल्क कोण ठरवतो? कारखाना आणि परीक्षक आपसांत. तीन परीक्षकांकडून दर मागवले जातात आणि सर्वांत कमी दराला काम मिळते. त्या रकमेत दोन दिवसांचे काम बसत नाही, म्हणून ते एका दिवसात उरकले जाते. ज्याचा अहवाल फार कडक असतो, त्याला पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही.

गुजरातमध्ये प्रदूषणाच्या लेखापरीक्षणावर झालेला प्रयोग इथे लागू पडतो. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर केलेला हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत कारखाना स्वतः परीक्षक निवडत असे आणि पैसेही स्वतःच देत असे. तिथे चिमणीतील धूलिकणांच्या नोंदी १५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर या मर्यादेच्या किंचित खाली दाटीने आढळत होत्या, म्हणजे मर्यादा पाहून आकडा लिहिला जात होता. प्रयोगात परीक्षक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने नेमले, त्यांचे शुल्क आधीच ठरवून एका मध्यवर्ती निधीतून दिले आणि काही नोंदी दुसऱ्या पथकाकडून पुन्हा मोजून घेतल्या. त्यानंतर खऱ्या नोंदी येऊ लागल्या आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

शुल्क किती यापेक्षा ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, हे मला म्हणूनच अधिक महत्त्वाचे वाटते.

खाडीपलीकडे

मापनकर्त्यांच्या मुद्द्याला जोडून कॅलिफोर्नियातील पद्धत सांगते. मी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात राहते. ऑगस्ट २०१२ मध्ये रिचमंडच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला मोठी आग लागली आणि श्वसनाच्या तक्रारींसाठी हजारो नागरिकांनी दवाखाने गाठले. त्यानंतर राज्याने शुद्धीकरण कारखान्यांच्या तपासणीचे पथक वाढवले आणि त्याचा खर्च त्याच कारखान्यांवर वाटला. वाटणीचा आधार म्हणजे राज्यात एकूण जितके कच्चे तेल शुद्ध होते, त्यातला प्रत्येकाचा वाटा. आधी पथकाला किती माणसे हवीत ते ठरते, त्यांचा खर्च निघतो आणि मग तो वाटला जातो. यात निरीक्षकाने एका कारखान्यात जास्त तास घालवले तरी त्याच्या खात्याचे उत्पन्न वाढत नाही, त्यामुळे तारापूरवासींनी विचारलेला तास वाढवण्याचा मोह इथे उरत नाही.

तारापूरवासी

खाडीपलीकडे ताई, ही पद्धत मला तासांच्या बिलापेक्षा पटते. फक्त एक प्रश्न राहतो. शुद्धीकरण कारखाने सगळे एकाच प्रकारचे असतात, म्हणून तेलाच्या पिंपांवर वाटणी जमते. आमच्या वसाहतीत एकाकडे ब्रोमीन, दुसऱ्याकडे हायड्रोजन आणि तिसऱ्याकडे नायट्रेशन, असे आहे. तिथे वाटा कसा काढणार?

टीजकाठ

तारापूरवासी, तास वाढवण्याच्या शंकेला इथे काय उत्तर मिळाले, तेही सांगायला हवे. कोमाहबाहेरच्या सर्वसाधारण कारखान्यांसाठी ऑक्टोबर २०१२ पासून वेगळी पद्धत आली. तीत कायद्याचा ठळक भंग आढळला, तरच निरीक्षकाच्या वेळेचे बिल येते. सुरुवातीचा दर ताशी १२४ पौंड होता, तो २०२४ मध्ये १७४ पौंड झाला. या पद्धतीवर टीका अशी झाली की भंग आहे की नाही हे ठरवणारे आणि त्याचे पैसे घेणारे एकच खाते आहे. वाद गेलाच तर त्याचा निर्णयही प्रामुख्याने खात्यातलीच माणसे देत. एका कंपनीने न्यायालयात आव्हान दिल्यावर खात्याने ही रचना बदलली आणि सप्टेंबर २०१७ पासून असे वाद खात्याबाहेरील स्वतंत्र समितीकडे जातात. आपल्याकडे तासांचे शुल्क आणायचे असेल तर अपिलाची अशी जागा पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.

या दोन पद्धतींत मला कोमाहची जास्त योग्य वाटते. भंग आढळल्यावरच बिल आले, तर कारखान्याचा माणूस निरीक्षकाशी मोकळेपणाने बोलत नाही. बिल तसेही येणारच असेल, तर आलेल्या माणसाकडून जितके शिकता येईल तितके शिकून घ्यावे, अशी वृत्ती तयार होते.

डोंबिवलीकर_मीना

आपण सर्व उद्योग आणि खाते यांच्या बाजूने लिहीत आहात. मी औद्योगिक वसाहतीच्या जवळ राहते. मे २०१६ आणि पुन्हा मे २०२४ मध्ये आमच्याकडे झालेले स्फोट सर्वांना आठवत असतील. आमच्या खिडक्यांच्या काचा दोन्ही वेळा गेल्या. शुल्क कोणत्या आधारावर ठरते याइतकेच, त्या शुल्काच्या बदल्यात झालेल्या तपासणीत काय आढळले हे रहिवाशांना कळणे मला आवश्यक वाटते. कारखाने अधिनियमाच्या कलम ४१-ब मध्ये आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देण्याचे कर्तव्य होते. तपासणीचा दिनांक, दिलेले तास आणि काढलेले मुख्य दोष एवढे तरी संकेतस्थळावर यावे.

आणखी एक गोष्ट. जुलै २०१० मध्ये शिवडीजवळ हाजी बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. त्या सिलिंडरांचा परवाना नव्हता, शुल्क भरणारा कोणी नव्हता. तुमच्या कोणत्याही सूत्रात अशा साठ्याची तपासणी कोणाच्या पैशाने होणार?

अश्विनी_पुणे

मीनाताई, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : तो खर्च एकत्रित निधीतूनच झाला पाहिजे. जिथे भरणारा आहे तिथे शुल्क आणि जिथे नाही तिथे सर्वसाधारण महसूल, असे दोन भाग करावेच लागतील. तारापूरवासींनी म्हटलेल्या नोंदणी नसलेल्या शेडचा शोधही याच दुसऱ्या भागात येतो, कारण नियम पाळणाऱ्याच्या शुल्कातून नियम न पाळणाऱ्याचा शोध घ्यायचा, तर पाळणाऱ्यावर दुहेरी भार पडतो.

रोहेकर

सर्वांचे आभार. चर्चेमुळे माझे मत बदलले आहे, निदान त्याचा अर्धा भाग. तासांचे थेट बिल आपल्याकडे लगेच आणू नये, असे आता मला वाटते. तारापूरवासींनी वाट्याविषयी विचारले होते. १९८९ च्या नियमांतच रसायनांच्या मर्यादा दिलेल्या आहेत, जशी क्लोरीनची १० टन. आवारातील साठ्याला त्याच्या खालच्या मर्यादेने भागले की रसायने वेगळी असूनही तुलना करता येईल असा आकडा मिळतो. अशा आकड्यांची बेरीज हा त्या कारखान्याचा वाटा समजावा, संचालनालयाला धोकादायक कारखान्यांसाठी लागणाऱ्या पथकाचा खर्च त्या वाट्यांत विभागावा आणि तास नोंदवून जाहीर करावेत, पण त्यांचे बिल करू नये. बेरीज एका ठरावीक आकड्याच्या खाली असलेल्या लहान उद्योगांना किमान शुल्क असावे. कारखाने अधिनियमाची जागा घेणारी व्यवसायविषयक सुरक्षेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून कारखान्यांच्या परवान्याचे शुल्क तीतही नियमांवर सोपवलेले आहे, तेव्हा अशी सूचना करण्याची हीच वेळ आहे.

निवृत्त_निरीक्षक

रोहेकर, साठ्याला मर्यादेने भागण्याचे सूत्र चांगले आहे, पण त्यात एक उणीव आहे. रिॲक्टरमधील नियंत्रणाबाहेर जाणाऱ्या अभिक्रियेचा धोका साठ्यावरून मोजता येत नाही. नायट्रेशन करणाऱ्या कारखान्यात कच्चा माल मर्यादेच्या कितीतरी खाली असू शकतो आणि तरीही एक बॅच सगळे उद्ध्वस्त करू शकते. म्हणून अशा प्रक्रियांसाठी साठ्यावेगळा गुणांक हवा. नायट्रेशन, हायड्रोजनेशन, पॉलिमरायझेशन आणि पेरॉक्साइड हाताळणी यांची यादी करून सुरुवात करता येईल. तुम्ही सूचनेचा मसुदा इथे टाकलात तर प्रक्रियांचा भाग मी लिहून देतो.

अश्विनी_पुणे

अपिलाचे आणि वेगळ्या निधीचे कलम मी लिहिते. निधीतील शिल्लक एका वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त झाल्यास पुढील वर्षीचे शुल्क आपोआप कमी होईल, अशी तरतूद त्यात घालते.

मापनकर्ता

त्रयस्थ लेखापरीक्षकांची नेमणूक संचालनालयाने यादीतून यादृच्छिक करावी आणि त्यांचे शुल्क याच निधीतून द्यावे, हे कलम माझ्याकडे द्या. परीक्षणाला किमान किती दिवस द्यावेत याचा प्रक्रियानिहाय तक्ताही त्यासोबत जोडतो.